अजून थोडा कच्चा आहे

स्वतःच्या मुलाबद्दल कोणी चांगलं बोललं, की चंद्रहास टिपणीस लगेच त्यात पाणी घालायचा. ठाण्यात वाढलेल्या माणसाची ही जुनी खोड. “मुलगा हुशार आहे हो तुमचा,” असं कोणी म्हटलं, की “कसला हुशार, अक्षर बघा त्याचं,” असं म्हणून मोकळं व्हायचं. एक तर दृष्ट लागायला नको, आणि आपण फुशारक्या मारणाऱ्यांतले नाही हेही समोरच्याला कळायला हवं. पुढे नशिबानं त्याला नेऊन टाकलं जपानमध्ये, आणि इथे तर अख्खा देशच या कलेत त्याचा गुरू निघाला. शेजारच्या बाईंनी मुलाचं कौतुक केलं, की हात हलवून “मादा-मादा देस” म्हणायचं, म्हणजे “छे हो, अजून कुठे काय, पुष्कळ शिकायचंय.” वीस वर्षांत चंद्रहासला जपानी भाषा म्हणावी तशी आली नाही, पण हे वाक्य तो झोपेतसुद्धा अचूक म्हणाला असता.

हेच वाक्य त्यानं मार्च महिन्यातल्या एका सकाळी इंग्रजीत म्हटलं, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

बँकेनं त्याला तोक्योच्या शाखेत तीन वर्षांसाठी पाठवलं, तेव्हा त्याचा विश्वजित तीन वर्षांचा होता. तीनाची सहा वर्षं झाली, मग चंद्रहासनं बँक सोडून ओतेमाचीतल्या एका जपानी कंपनीत नोकरी धरली, आणि ‘पुढच्या वर्षी परत’ हे वाक्य घरात हळूहळू कोणी उच्चारेनासं झालं. निशी-कसाईतल्या त्यांच्या इमारतीत सात मराठी घरं. बाकीच्यांची मुलं इंडियन स्कूलमध्ये गेली. विश्वजितच्या आईनं, म्हणजे उत्तरानं, त्याला समोरच्या साध्या जपानी शाळेत घातलं, कारण ती समोर होती. परिणाम व्हायचा तोच झाला. आई मराठीत विचारायची आणि पोरगा जपानीत उत्तर द्यायचा. मित्रांना ‘वि’ म्हणता येईना, म्हणून विश्वजितचा बिशू झाला.

हायस्कूलमध्ये या बिशूनं अमेफुतो घेतला. अमेरिकन फुटबॉलला इथली पोरं असं म्हणतात. शिरस्त्राणं घालून एकमेकांवर आदळणाऱ्या त्या गर्दीत आपलं किडकिडीत पोर बघून उत्तरा धास्तावली होती, पण मोरिता-सान नावाच्या कोचनी त्याला आदळायला लावलंच नाही. त्याचा पाय बघून त्यांनी त्याला किकर केलं. किकर म्हणजे सगळी मारामारी थांबल्यावर मैदानात येऊन एकदाच लाथ मारणारा. लांबवरच्या दोन खांबांमधून बॉल गेला तर गुण, नाही गेला तर सगळ्यांच्या शिव्या. मात्र त्यासाठी कोणीतरी जमिनीवर गुडघा टेकून तो लंबगोल बॉल टोकावर उभा करायला लागतो आणि वरून एका बोटानं तोलून धरायला लागतो.

रविवारी सकाळी सरावाला हा धरणारा चंद्रहास असायचा. अराकावा नदीच्या काठचं मैदान, आणि गोल म्हणजे बेसबॉलच्या जाळीचे दोन खांब. शेजारच्या पुलावरून तोझाई लाइनच्या गाड्या खडखडत जायच्या. चंद्रहासला त्या खेळाचे नियम आजतागायत नीट कळलेले नाहीत. पण बॉलची शिवण किकरकडे येऊ द्यायची नाही, वारा असेल तर बॉल जरासा कलता धरायचा, आणि पाय येताना डोळे मिटायचे नाहीत, एवढं त्याला पक्कं कळलं. दोनदा बोट सुजलं, एकदा नख गेलं. सोमवारी ऑफिसात कोणी विचारलंच तर तो ‘दारात सापडलं’ म्हणायचा, कारण खरं सांगितलं असतं तर कौतुक निघालं असतं.

तीन वर्षांत त्या मैदानावर बापलेकांत फार काही बोलणं झालं नाही. बापाला जपानी सुचत नव्हतं, पोराला मराठी. पोरगा मान हलवायचा, बाप बोट टेकवायचा, आणि ठप्प असा आवाज व्हायचा. आपण कोणाच्या इतके उपयोगी याआधी कधी पडलो नाही असं चंद्रहासला वाटायचं, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अठराव्या वर्षी पोरगा अमेरिकेला गेला, मक्याच्या शेतांमधल्या एका विद्यापीठात. फोन दर रविवारी यायचा, आणि फोनवर पोरगा मराठी, जपानी, इंग्रजी अशी खिचडी बोलायचा. आधी तासभर, मग अर्धा तास, मग “बाबा, प्रॅक्टिस आहे.” पहिल्या वर्षी एकदाच त्यानं मधल्या वारी फोन केला. तीन किक चुकल्या होत्या. “इथला होल्डर वेगळंच धरतो, बाबा. तुझा हात असता तर गेला असता बॉल.” पोरगा रडत होता आणि चंद्रहास त्याला धीर देत होता. पण खरं सांगायचं तर या चार वर्षांत आलेल्या सगळ्या फोनांमधला त्याचा सर्वांत सुखाचा फोन तोच.

आता विश्वजितचं विद्यापीठातलं शेवटचं वर्ष होतं आणि निवडीचे दिवस जवळ आले होते. अमेरिकेतल्या मोठ्या टीम माणसं कशी उचलतात ते सांगायलाच हवं, कारण चंद्रहासनं दोन महिने दुसरं काही वाचलंच नाही. एकूण बत्तीस टीम. एप्रिलच्या शेवटी त्या तीन दिवस बसतात आणि कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या पोरांमधून आळीपाळीनं एकेक नाव घेतात. अशा सात फेऱ्या. गेल्या वर्षी जी टीम सगळ्यात जास्त हरली तिला पहिला मान, हे चंद्रहासला फार आवडलं. सात फेऱ्यांत अडीचशेच्या आसपास पोरं लागतात. ज्या टीमनं नाव घेतलं तिकडे जायचं, मला ते गाव नको म्हणून चालत नाही. आणि त्याआधी चौकशी. उंची, वजन, धावण्याचा वेळ हे तर आलंच, पण हाताची वीतसुद्धा पट्टीनं मोजतात. शाळेतल्या मास्तरांना, जुन्या कोचना, आईबापांना फोन करतात. पोरगा उठतो किती वाजता, चिडतो का, घरचं वातावरण कसं?

“हे आमच्या दिगंबरकाकांचंच काम,” उत्तरा म्हणाली. दिगंबरकाकांनी नात्यातलं एकही लग्न दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची उलटतपासणी घेतल्याशिवाय होऊ दिलं नव्हतं.

किकरांना या बाजारात फारसा भाव नसतो. सात फेऱ्यांत दोन-तीन लागले तर लागले, तेही शेवटी शेवटी. जाणकारांच्या याद्यांत विश्वजितचं नाव किकरांमध्ये तिसरं-चौथं असायचं, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. आणि नाहीच लागला, तर मोरिता-सान होते. ते आता तोयोसुतल्या एका कंपनीच्या टीमचे कोच होते. त्यांच्याकडे दिवसा कंपनीत नोकरी करायची आणि संध्याकाळी खेळायचं. बिशूसाठी त्यांनी जागा राखून ठेवली होती. तोयोसु म्हणजे घरापासून अर्धा तास. पोरगा सकाळी डबा घेऊन निघेल, जेवायला घरी येईल, कचरा वेगळा करताना बाटलीचं झाकण काढत नाही म्हणून आईची बोलणी खाईल. हे चित्र चंद्रहास दिवसातून दहादा बघायचा. पोरगा निवडला जाऊ दे, असं तो देवापुढे रोज म्हणायचा, आणि म्हणताना देवाकडे नीट बघायचा नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेदहाला ऑफिसात त्याचा फोन वाजला. पलीकडे हॅल्व्हर्सन नावाचा माणूस होता, उत्तरेकडच्या एका टीमचा. अशा माणसाला तिकडे स्काउट म्हणतात. गावोगाव फिरून पोरं हेरणं हाच त्याचा धंदा. चंद्रहास लिफ्टजवळच्या कोपऱ्यात गेला आणि वीस वर्षांच्या सवयीनं भिंतीसमोर कमरेत वाकला.

“मिस्टर टिपणीस, तुमच्या मुलाबद्दल मी सगळीकडे चांगलंच ऐकतोय,” हॅल्व्हर्सन म्हणाला.

झालं. कौतुक झालं म्हटल्यावर पाणी घालणं आलंच.

“छे, तसं काही नाही,” चंद्रहास म्हणाला. “अजून थोडा कच्चा आहे.”

“कच्चा? कशात?”

आता पलीकडे ठाणेकर असता किंवा तोक्योकर असता, तर तो हसला असता आणि विषय पुढे गेला असता. कच्चा म्हणजे कशात कच्चा असं काही नसतं, ती बोलायची एक रीत असते. पण हा अमेरिकन माणूस पेन उघडून वाट बघत होता. चंद्रहास गडबडला. काहीतरी उदाहरण द्यायला हवं होतं, आणि तोंडात आलं ते त्याच्या जिवाच्या सगळ्यात जवळचं.

“बॉल धरणारा ओळखीचा लागतो त्याला,” तो म्हणाला. “मी धरलेला बॉल त्याचा कधी चुकत नाही. नवा हात आला की बिचकतो.”

पलीकडे कागदाचा आवाज झाला. “असं? आणि घरापासून इतकं लांब राहणं त्याला जमतं?”

“घरची ओढ फार आहे. त्याची खोली आम्ही अजून तशीच ठेवली आहे.”

“आभारी आहे, सर,” हॅल्व्हर्सन म्हणाला. “इतकं प्रामाणिकपणे कोणी बोलत नाही माझ्याशी.”

चंद्रहास जागेवर येऊन बसला तेव्हा त्याला चक्क बरं वाटत होतं. मुलाखत छान झाली अशा थाटात त्यानं चहा घेतला. मग पाच मिनिटांनी आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. नम्रपणाच्या नादात जीभ घसरली, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. पण ते अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं तोयोसुचं, डब्याचं आणि रिकाम्या खोलीचं होतं, आणि ते त्यानं स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नाही.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाच्या मैदानावर सगळ्या स्काउट मंडळींसमोर पोरांची परीक्षा झाली. त्या रविवारी फोनवर विश्वजितचा आवाज उतरलेला होता.

“हेन दात्ता,” तो म्हणाला. विचित्रच झालं सगळं. “बाबा, सगळ्या टीम आमचाच होल्डर घेतात. पण हॅल्व्हर्सनच्या टीमनं स्वतःचे आणले. तीन वेगळे. दर किकला माणूस बदलायचा. आय मीन, असं कोणीच करत नाही. पहिल्या दोन माझ्या बाहेर गेल्या.”

“आणि मग?” उत्तरानं विचारलं.

“मग नऊ आत.”

“अरे वा! नऊ म्हणजे काय कमी झाल्या?”

“आई, दोन मिस म्हणजे किकरचं संपतं. लिस्टमध्ये मी खाली गेलोय आता.” तो जरा थांबला. “त्यांना हे असं कसं सुचलं असेल?”

 खरं सांगायची हीच वेळ होती. “नीट जेवतोस ना?” चंद्रहासनं विचारलं.

फोन ठेवल्यावर उत्तरा त्याच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं मधेच जेवणाचा विषय काढला, की काहीतरी लपवलेलं असतं, हे तिला पाठ झालं होतं.

“अहो, त्या हॅल्व्हर्सनचा फोन आला होता म्हणालात. काय बोललात तुम्ही त्याच्याशी?”

त्यानं सगळं सांगितलं. खोलीबद्दलही सांगितलं. उत्तरा बोलली तेव्हा तिचा आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं.

“पसारा करतो म्हणायचं, आळशी आहे म्हणायचं. मी पण म्हणते. पण हे? हे त्यानं रडून तुम्हाला सांगितलेलं होतं. त्याच्या पोटातलं काढून दिलंत तुम्ही परक्या माणसाला.”

“तोंडातून गेलं गं.”

“तोंडातून गेलं की मनातून?” ती म्हणाली. “मला काय तो घरात नकोय? मी पण रोज त्याची वाट बघते. पण वाट बघते, अडवत नाही. सांगा त्याला.”

“सांगतो.”

सांगतो म्हणण्यात चार रविवार गेले. दर रविवारी तो मनाशी वाक्य जुळवून बसायचा, पोरगा “हां, बाबा, बोल” म्हणायचा, आणि चंद्रहास हवेबद्दल बोलायचा. त्या महिन्यात त्यानं मक्याच्या शेतांवरच्या हवामानाची जेवढी चौकशी केली, तेवढी तिथल्या शेतकऱ्यांनीही केली नसेल.

एप्रिलचा शेवटचा शुक्रवार उजाडला. तिकडे गुरुवारची संध्याकाळ म्हणजे इकडे शुक्रवारची सकाळ, त्यामुळे पहिली फेरी त्यानं ऑफिसात टेबलाच्या खणात फोन ठेवून बघितली. पहिली फेरी किकरांसाठी नसतेच, पण डोळा हटेना. नाव पुकारलं की पोरगा उठायचा, आई गळ्यात पडायची, बाप तोंड फिरवून डोळे पुसायचा. ते बाप बघून चंद्रहासला स्वतःची लाज वाटली. शनिवारी सकाळी पुढच्या दोन फेऱ्या दोघांनी घरी बघितल्या. चंद्रहासला आठवलं, ठाण्याच्या गल्लीत गडी वाटून घेताना दोघं दोघं बाजूला जाऊन गुपचूप नावं घेऊन यायचे, एक गुलाब आणि एक मोगरा. कॅप्टन म्हणायचा “मला मोगरा,” आणि मोगरा कोण निघतो ते नंतर कळायचं. त्यामुळे कोणाला कोणी नाकारलं असं होतच नसे. त्यानं हे उत्तराला सांगितलं. ती म्हणाली, “इथे मात्र सगळ्या जगाला कळतं.”

शेवटच्या फेऱ्या रविवारच्या पहाटे होत्या. मध्यरात्रीपासून जागायचं नाही असं दोघांनी ठरवलं आणि साडेपाचला उठून बसले. तोवर सातवी फेरी लागली होती. दोन किकर आधीच गेलेले होते. पडद्यावर नावं सरकत होती. हॅल्व्हर्सनच्या टीमची पाळी आली तेव्हा उत्तरानं हात जोडले, आणि त्यांनी कोणा बचावपटूचं नाव घेतलं. मग आणखी एक किकर लागला, तो दुसराच. साडेसात वाजता सगळ्यात शेवटचं नाव वाचलं गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रम संपला. अडीचशेहून जास्त नावं झाली. विश्वजित टिपणीस हे नाव त्यात नव्हतं.

उत्तरा तोंड धुवायला आत गेली ती बराच वेळ आली नाही. चंद्रहास सोफ्यावर बसून होता. त्याला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं, आणि त्या वाईट वाटण्याच्या खालून आनंद वर येत होता. तो दाबला तरी दबेना. पोरगा घरी येणार होता. चंद्रहास उठला, विश्वजितच्या खोलीतली गादी ओढत बाल्कनीत नेली आणि कठड्यावर उन्हाला टाकली. चादरी कपाटात वरच्या खणात होत्या. त्या काढायला स्टूल आणावं म्हणून तो वळला आणि टेबलावरचा फोन वाजला.

“नाही झालं, बाबा,” विश्वजित म्हणाला. चंद्रहासनं स्पीकर लावला. उत्तरा ओल्या चेहऱ्यानंच येऊन उभी राहिली. “पण ऐक ना. संपल्यावर दहा मिनिटांत हॅल्व्हर्सनचा फोन आला.”

ज्याचं नाव कोणी घेत नाही तो पोरगा मोकळा असतो. मग टीम उरलेल्यांना थेट फोन करतात, आणि इथे मात्र हो की नाही हे पोरानं ठरवायचं असतं.

“उन्हाळ्यात नव्वद जणांना बोलावतात,” विश्वजित सांगत होता. “सप्टेंबरला त्रेपन्न ठेवतात. त्यात किकर एक. काहीच नक्की नाही. वीस मिनिटांत उत्तर द्यायचंय.”

“आणि मोरिता-सान?” चंद्रहासनं विचारलं. विचारायला नको होतं, पण त्याला राहवलं नाही.

“त्यांची जागा आहेच. ते पण छान आहे, बाबा. घरी राहीन.”

चंद्रहासनं बाल्कनीतल्या गादीकडे पाहिलं. मग विश्वजित म्हणाला, “बाबा, एक विचारू? हॅल्व्हर्सननं मला तेव्हाच सांगितलं होतं. टेस्टच्या दिवशी. तू काय म्हणालास ते.”

चंद्रहास खुर्चीत बसला. “महिनाभर तुला माहीत होतं?”

“हं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“कोवाकात्ता,” विश्वजित म्हणाला. भीती वाटली होती त्याला. “तू सांगितलंस म्हणजे खरंच असणार ना. इकडे सगळे सगळ्यांना ग्रेट म्हणतात. तू कधी काही म्हणत नाहीस. एवढी वर्षं मी वाट बघायचो, बाबा काय म्हणेल. आणि मग तुझं हे एकच वाक्य आलं. ते होन्तो होतं का? खरं सांग. मी अजून नव्या हाताला बिचकतो? तुझ्याइतकं जवळून कोणी नाही बघितलेलं. तू हो म्हणालास तर मी इकडे उगाच नाही थांबणार. त्या नव्वद लोकांत जाऊन काय करू मग?”

एवढंच होतं. हो म्हणायचं होतं. ते धड खोटंही ठरलं नसतं. पहिल्या दोन खरोखरच बाहेर गेल्या होत्या. हो म्हटलं असतं तर पंधरा दिवसांत पोरगा निशी-कसाई स्टेशनच्या जिन्यावरून बॅग घेऊन उतरला असता, आणि याबद्दल त्याला कोणी कधी दोष दिला नसता. चंद्रहासनं उत्तराकडे पाहिलं. महिनाभर त्याला बोल लावणारी उत्तरा आता टेबलाची कड घट्ट धरून उभी होती आणि काहीही सुचवत नव्हती. तिलाही तो हवा होता. तो इतका हवा होता, की तिच्याकडे बघवत नव्हतं.

“नाही,” चंद्रहास म्हणाला. “खोटं होतं ते.”

“बाबा, माझ्यासाठी म्हणू नकोस.”

“तुझ्यासाठी नाही म्हणत. पहिल्या वर्षी खरं होतं, ते मी चार वर्षं सांभाळून ठेवलं. आता खरं नाही. तीन परकी माणसं समोर आणून बसवली त्यांनी. दोन चुकल्यास आणि पुढच्या नऊ मारल्यास. बिचकणारा माणूस तिसरी मारत नाही, विशू.” आता थांबायचं नव्हतं. “तू फार चांगला खेळतोस. फार म्हणजे फार. ते मला तू पंधरा वर्षांचा होतास तेव्हाच कळलं होतं. इतक्या जवळून कळलं होतं, आणि मी एकदाही म्हटलं नाही. चुकलं माझं.”

 मग विश्वजितनं विचारलं, “मग त्याला तसं का सांगितलंस?”

“तू मला घरी हवा होतास,” चंद्रहास म्हणाला. “दुसरं काही कारण नाही. तुझ्यावाचून करमत नाही मला.”

असलं वाक्य तो आयुष्यात कोणाला कुठल्याच भाषेत बोलला नव्हता. उत्तरानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फोनमधून पोराच्या श्वासाचा आवाज येत होता, नाक ओढल्याचा येत होता. तिकडे मागे कोणीतरी त्याला हाक मारत होतं. वीस मिनिटांतली किती गेली होती कोण जाणे.

“बाबा,” विश्वजित म्हणाला. मग स्वच्छ मराठीत म्हणाला, “येतो.”

चंद्रहास एकदम हरखला. येतो! एवढं सगळं ऐकूनही पोरगा येतो म्हणाला. त्यानं वळून उत्तराकडे पाहिलं. ती ओढणीनं डोळे पुसत होती आणि मान हलवत होती, आणि तेव्हा त्याला कळलं. पोराला मराठी फार येत नव्हतं. पण घरून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे त्याच्या आईनं त्याला बोबडं बोलायच्या वयात शिकवलं होतं. तो हॅल्व्हर्सनला हो सांगायला निघाला होता.

“ये,” चंद्रहास म्हणाला. त्याला अगदी तेच म्हणायचं होतं.